बोरेट फ्लक्सने काचेची चकती ओतताना: खानदेशातल्या नमुन्यांसाठी टप्प्याटप्प्याने

जळगाव, धुळे, शहाद्याकडची एम.एस्सी.ची मुलं एक्सआरएफसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी नमुन्यातले घटक मोजण्यासाठी, काचेच्या चकत्या ओतून आणतात. नमुन्याची भुकटी फ्लक्समध्ये, म्हणजे वितळून तिला विरघळवणाऱ्या बोरेटमध्ये, मिसळून भट्टीत वितळवली की ही काच होते. एखादी तडकलेली असते, एखादीच्या पोटात काळे ठिपके असतात, आणि बऱ्याच दिसायला सुरेख असूनही ऑक्साइडांची बेरीज १०० ऐवजी १०२ नाहीतर ९७ येते. मुलं भट्टीला दोष देतात. मी वही मागतो, आणि चूक बहुतेक वेळा भट्टी पेटण्याआधीच्या पानांवर सापडते: नमुना नीट भाजलेला नसतो, फ्लक्स ओलसर असतो, नाहीतर वजन घाईत घेतलेलं असतं. म्हणून या लेखात भट्टीपेक्षा तिच्या आधीच्या तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

उदाहरणं आपल्याकडच्या नमुन्यांची घेतली आहेत: बेसाल्ट, काळी माती, मातीतली चुनखडी, तापीची वाळू, कोळशाची राख, केळीच्या खुंटांची राख. क्रम मोडू नका. एक टप्पा वहीत लिहून झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

## टप्पा १: नमुना फोडणं आणि दळणं

दोन-तीन किलो दगड फोडून त्याचा ढीग करा, ढिगाचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे बाजूला काढा. शंभरेक ग्रॅम उरेपर्यंत हेच करत राहा. वरवरचा चमचाभर उचलून दळायला टाकलात तर बेसाल्टमधले मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे जड कण तळाशीच राहतील.

भुकटी ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे २०० मेशच्या चाळणीतून पूर्ण गेली पाहिजे. चाळणीवर उरलेलं फेकायचं नाही, पुन्हा दळायचं. जे दळायला कठीण तेच फ्लक्समध्ये उशिरा विरघळतं, आणि तेच टाकून दिलं तर तपासलेला नमुना मुळात निराळाच झाला. तापीच्या वाळूत काळे, टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे कण असतात. तिला बेसाल्टपेक्षा जास्त वेळ दळा.

दळणयंत्राचं भांडं कशाचं आहे ते वहीत लिहा. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन आणि कोबाल्ट येतात, क्रोम स्टीलमधून लोह आणि क्रोमियम येतात, अगेटमधून (अकीक) थोडी सिलिका येते. मुख्य ऑक्साइडच हवे असतील तर टंगस्टन कार्बाइड चालतं. कोबाल्ट मोजायचा असेल तर मुळीच चालत नाही.

इशारा: बोअरच्या चुऱ्यात आणि जॉ क्रशरमधून आलेल्या मालात पोलादाचे कीस असतात. ते काढायला पुष्कळ जण लोहचुंबक फिरवतात. आपल्या बेसाल्टमध्ये हे करू नका. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतं, आणि त्याबरोबर नमुन्यातलं खरं लोह आणि टायटॅनियमही निघून जातं. दळण्याआधी चुरा पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगाखाली चकचकीत कीस चिमट्याने वेचा. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही.

## टप्पा २: सुकवणं, भाजणं आणि घट मोजणं

भुकटी १०५ ते ११० अंशांवर दोन तास सुकवा आणि डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड होऊ द्या. मग चिनी मातीच्या मुशीत साधारण २ ग्रॅम चार दशांश स्थळांपर्यंत मोजा. ९५० अंशांवर तासभर भाजा, डेसिकेटरमध्ये थंड करा, पुन्हा मोजा. टक्क्यांत जी घट आली ती एलओआय (लॉस ऑन इग्निशन).

प्रत्येक नमुना भाजताना वेगळा वागतो, आणि चुका तिथेच होतात.

बेसाल्टची घट कमी दिसते, कधी तर वजन वाढतं. चूक झाली असं समजून मुलं आकडा दुरुस्त करतात. तसं करू नका. बेसाल्टमधलं फेरस लोह हवेतला ऑक्सिजन घेऊन फेरिक होतं, आणि १ ग्रॅम फेरस ऑक्साइडचं वजन ०.११ ग्रॅमने वाढतं. दगडात १० टक्के फेरस ऑक्साइड असेल तर केवळ त्यामुळे १.१ टक्के वाढ होते, आणि पाण्याची घट तिच्याखाली झाकली जाते. ऋण आकडा आला तर ऋणच लिहा.

काळ्या मातीतून सेंद्रिय पदार्थ, चिकणमातीचं पाणी आणि चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड असं तिन्ही निघतं, त्यामुळे घट मोठी येते. भाजल्यावर ती कधी कधी चिकटून ढेकूळ होते. ढेकूळ अगेटच्या खलात पुन्हा बारीक केल्याशिवाय वजनाला घेऊ नका.

आपल्या जिल्ह्यातल्या दगडखाणींत मिळणाऱ्या झिओलाइटचं, म्हणजे पाणी धरणाऱ्या खनिजांचं, तंत्र आणखी वेगळं. त्यांतल्या स्टिल्बाइटमध्ये १५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तापलेल्या भट्टीत एकदम सारलं तर वाफेच्या जोराने भुकटी मुशीबाहेर उडते, आणि उडालेला माल एलओआयमध्ये जमा होतो. थंड भट्टीत ठेवा, ३०० अंशांवर अर्धा तास थांबा, मग वर चला.

शुद्ध चुनखडी भाजून वजनाला घेऊ नका. भाजलेला चुना तराजूवरच हवेतलं पाणी ओढतो आणि आकडा डोळ्यांसमोर वर सरकत राहतो. तिची घट वेगळी मोजा, आणि फ्यूजनला, म्हणजे फ्लक्ससोबत वितळवायला, सुकवलेली, न भाजलेली भुकटी घ्या.

राखेबद्दल सविस्तर लिहितो, कारण महागात पडणारी चूक तिथेच होते. कोळशाच्या राखेत न जळलेला कार्बन असतो. दीपनगरच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणची उडती राख असो की लहान बॉयलरची, ती आधी चिनी मातीच्या पसरट ताटलीत, पातळ थर देऊन, ७५० अंशांवर दोन तास जाळा. मध्ये एकदा ढवळा. काळसर करडा रंग जाऊन बदामी किंवा विटकरी छटा आली पाहिजे. काळे ठिपके उरले तर पुन्हा जाळा.

पंधरा वर्षांपूर्वी एका बॉयलरची राख मी रंग न पाहता थेट प्लॅटिनमच्या मुशीत घातली होती. कार्बनने राखेतल्या लोहाचा धातू केला आणि तो धातू प्लॅटिनममध्ये शिरला. चौथ्या फ्यूजनला मुशीच्या तळाशी मोहरीएवढं भोक पडलं आणि वितळलेला फ्लक्स भट्टीच्या फरशीवर उतरला. मूस वितळवून नवी घडवायला पाठवावी लागली. आता राखेचा प्रत्येक नमुना मी खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर पसरून बघतो.

केळीच्या खुंटांच्या राखेत पोटॅशियम आणि क्लोरीन दोन्ही भरपूर असतात. पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांवर वितळतं आणि त्यापुढे उडून जायला लागतं. खुंट ५५० अंशांवरच जाळा. फ्यूजनमधून मिळालेला पोटॅशचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असेल हे अहवालात लिहा. मुख्य काम पोटॅशचंच असेल तर ही पद्धत सोडा आणि राख आम्लात विरघळवून मोजा.

तपासणी: भाजलेला नमुना फ्यूजनला घेतला तर शेवटी मिळालेला प्रत्येक आकडा (१०० वजा एलओआय) ने गुणून १०० ने भागायचा असतो. हे गणित आत्ताच वहीत लिहून ठेवा. बेरीज न जुळण्याचं हे नेहमीचं कारण आहे: एकाने भाजून घेतलं, दुसऱ्याने न भाजलेलं समजून हिशोब केला.

## टप्पा ३: कोणता फ्लक्स

लिथियम टेट्राबोरेट आम्लधर्मी आहे आणि ९२० अंशांच्या आसपास वितळतो. लिथियम मेटाबोरेट अल्कधर्मी आहे, तो ८४५ अंशांच्या आसपास वितळतो. आम्लधर्मी नमुन्याला अल्कधर्मी फ्लक्स लागतो, आणि उलट.

- चुनखडी, सिमेंट, लोहखनिज: टेट्राबोरेट जास्त, ६६:३४ किंवा निव्वळ टेट्राबोरेट.
- बेसाल्ट, काळी माती, उडती राख: ५०:५० किंवा ६६:३४. दोन्ही चालतात. एक निवडा आणि वर्षभर तोच ठेवा.
- गारेची, सिलिका जास्त असलेली वाळू: मेटाबोरेट जास्त, ३५:६५.

मेटाबोरेटचं प्रमाण वाढलं की वितळलेला रस पातळ होतो, चांगला ओतला जातो, पण थंड होताना त्यात स्फटिक धरतात आणि चकती दुधट होते. टेट्राबोरेट वाढला की काच चांगली बनते, पण रस दाट असतो आणि चकती तडकण्याची भीती राहते. मिश्रण त्यासाठीच वापरतात.

"सर, टाकणखार चालेल का?" हा प्रश्न जळगावात हमखास येतो, कारण सराफाच्या मुशीत तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. टाकणखार म्हणजे सोडियमचा बोरेट. तो वितळतो आणि नमुनाही विरघळवतो, पण त्यातल्या सोडियममुळे नमुन्यातलं सोडियम मोजता येत नाही. शिवाय तो पाणी धरतो आणि फुगून मुशीबाहेर येतो. लिथियम आणि बोरॉन दोन्ही इतके हलके आहेत की आपल्या एक्सआरएफला ते दिसतच नाहीत. म्हणून लिथियमचेच बोरेट घ्यायचे.

## टप्पा ४: फ्लक्स कोरडा करणं

पावसाळ्यात फ्लक्स ओला होतो हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे तो वैशाखातही ओला होतो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेर ४४-४५ अंश असतात, खिडकीत वाळ्याचा कूलर चालू असतो, आणि त्याची ओली हवा थेट तराजूच्या टेबलावर येते. त्या हवेत मेटाबोरेटची बरणी दहा मिनिटं उघडी राहिली तरी पुरे. तराजूच्या खोलीत कूलर लावू नका. एसी नसेल तर वजनाचं काम सकाळी आठच्या आत उरका.

फ्लक्समध्ये १ टक्का ओल असली तर काय होतं पाहा. तुम्ही १० ग्रॅम मोजलात, भट्टीत राहिला ९.९ ग्रॅम. १ ग्रॅम नमुना ११ ग्रॅमऐवजी १०.९ ग्रॅम काचेत पसरला. सगळे आकडे ०.९ टक्क्याने फुगले आणि १०० ची बेरीज १००.९ झाली. चकती मात्र निर्दोष दिसते.

आधीच वितळवून दाणेदार केलेला फ्लक्स मिळाला तर तोच घ्या, तो ओल कमी धरतो. भुकटीचा फ्लक्स असेल तर प्लॅटिनमच्या किंवा स्वच्छ चिनी मातीच्या ताटलीत ६५० अंशांवर चार तास ठेवा, कोमट असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि बरणी डेसिकेटरमध्ये ठेवा. दोन्ही फ्लक्स स्वतः मिसळत असाल तर सुकवल्यानंतर मिसळा, आणि बरणी पंधरा मिनिटं उलटीपालटी करत राहा.

तपासणी: नव्या डब्यातला आणि दर आठवड्याला वापरातला ५ ग्रॅम फ्लक्स प्लॅटिनमच्या मुशीत फ्यूजनच्याच तापमानाला दहा मिनिटं वितळवा. घट ०.५ टक्क्यापेक्षा जास्त आली तर पुन्हा सुकवा. त्याहून कमी आली तर तेवढा फ्लक्स वजनात वाढवून घ्या.

इशारा: बोरेटची धूळ प्रजननक्षमतेला घातक मानली जाते. मास्क आणि हातमोजे घालूनच भुकटी हाताळा. गरोदर सहकाऱ्याला हे काम देऊ नका.

## टप्पा ५: वजन

४० मिलिमीटरच्या साच्याला १० ग्रॅम फ्लक्स आणि १ ग्रॅम नमुना पुरतो. ३२ मिलिमीटरच्या साच्याला एकूण सहा-सात ग्रॅम. प्रमाण १०:१ ठेवा. सूक्ष्म घटक हवे असतील तर ५:१, पण तेव्हा विरघळायला वेळ जास्त लागतो.

क्रम असा: निम्मा फ्लक्स मुशीत, त्यावर नमुना, मग उरलेला फ्लक्स. प्लॅटिनमच्या काडीने मुशीतच ढवळा आणि काडीला चिकटलेलं आत झटका. नमुना तळाला लागून राहिला तर तिथेच चिकटतो.

नमुना ०.०००१ ग्रॅमपर्यंत आणि फ्लक्स ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजा. नेमका १.०००० ग्रॅम यावा म्हणून पाच मिनिटं कण काढत-टाकत बसणं चूक आहे, तेवढ्यात भाजलेली भुकटी हवेतली ओल घेते. १.००३७ आला तर १.००३७ लिहा आणि फ्लक्स त्या प्रमाणात घ्या.

आता न चिकटण्याचं औषध, म्हणजे लिथियम ब्रोमाइड किंवा लिथियम आयोडाइड. लिथियम ब्रोमाइड हवेत बघता बघता पाझरतो, म्हणून त्याचं द्रावण करून मायक्रोपिपेटने घाला. एका चकतीला ३० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो. एक्सआरएफमध्ये ब्रोमीनची एक क्ष-किरण रेषा ॲल्युमिनियमच्या रेषेवर पडते, आयोडीनच्या रेषा टायटॅनियम आणि बेरियमच्या आड येतात. आपल्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम ऑक्साइड दोन-तीन टक्के असतो. कोणतंही औषध घ्या, पण प्रमाणित (आकडे आधीच माहीत असलेल्या) नमुन्यांना आणि तुमच्या नमुन्यांना तेच आणि तेवढंच घाला.

## टप्पा ६: भट्टी

भट्टीचा आकडा आणि मुशीजवळचं खरं तापमान यांत कधी कधी ४०-५० अंशांचा फरक असतो. पडताळायला सराफाकडून २४ कॅरेट सोन्याचा बारीक कण आणा, चिनी मातीच्या तुकड्यावर ठेवा आणि मूस जिथे ठेवता तिथे सारा. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं. भट्टी १०५० दाखवताना कण जसाच्या तसा राहिला आणि १०८० ला त्याचा गोल थेंब झाला तर भट्टीवर विश्वास ठेवा. २२ कॅरेटचं सोनं आधीच वितळतं, ते चालणार नाही. आणि हा कण प्लॅटिनमवर कधीही ठेवू नका.

फ्यूजन १०५० ते ११०० अंशांच्या दरम्यान करा. त्यावर गेलात तर सोडियम, पोटॅशियम आणि खुद्द फ्लक्सही उडायला लागतो.

१. सल्फाइडची किंवा पोलादी किसाची शंका असेल तर मिश्रणात १ ग्रॅमपर्यंत लिथियम नायट्रेट घाला आणि ६५० अंशांवर दहा मिनिटं थांबा. तपकिरी धूर निघेल, म्हणून धूर ओढणारं कपाट हवंच. शंका नसेल तर ही पायरी सोडा.

२. १०५० ला सारा. पहिली पाच मिनिटं हात लावू नका.

३. पुढची दहा ते पंधरा मिनिटं, दर दोन-तीन मिनिटांनी, प्लॅटिनमच्या टोकाच्या चिमट्याने मूस गोल फिरवा. रस मुशीच्या कडेवर चढून तिथले कण धुऊन आणतो. आपोआप फिरवणारं यंत्र असेल तर उत्तम.

४. रस आरपार स्वच्छ, बुडबुडे नसलेला दिसला पाहिजे. तळाशी कण दिसला तर आणखी पाच मिनिटं.

चेहऱ्यावर शील्ड, अंगात सुती कपडे, चामडी ॲप्रन. मे महिन्यात नकोसं वाटतं, तरी घाला. कृत्रिम धाग्याचा शर्ट कातडीला चिकटतो.

वीज गेली तर: रस मुशीतच गोठेल. तो खरवडून काढू नका, प्लॅटिनमवर ओरखडे पडतात. वीज आल्यावर पुन्हा वितळवा, उडालेल्या औषधाच्या जागी थोडं नवं घाला आणि ओतून मूस मोकळी करा. ती चकती मोजू नका. वजन पुन्हा घ्या.

## टप्पा ७: ओतणं आणि थंड करणं

साचा भट्टीत मुशीइतकाच तापलेला हवा. थंड साच्यात ओतलेली चकती हमखास तडकते. ओतण्याआधी मूस एकदा फिरवा, आणि एकाच ओघात ओता, थांबून नाही. साचा सपाट सिरॅमिकवर ठेवा. तापलेलं प्लॅटिनम लोखंडी जाळीवर किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या फरशीवर ठेवलं तर त्यांतलं लोह किंवा सिलिकॉन त्यात शिरतं.

लाली ओसरेपर्यंत, साधारण एक मिनिट, हवेत राहू द्या. मग साच्याच्या खालून हवेचा मंद झोत, चार-पाच मिनिटं. चकती स्वतःहून सुटते. पंखा किंवा कूलर वरून लावू नका, एका बाजूने थंड झालेली काच ताण धरते आणि कधी कधी रात्रीतून डेसिकेटरमध्येच फुटते.

मोजायची बाजू म्हणजे साच्याला लागून असलेली खालची. तिला बोट लावू नका. नाव वरच्या बाजूच्या कडेला लिहा. कपड्याने पुसू नका, घासू नका.

## टप्पा ८: चकती काय सांगते

- साच्याला चिकटली, काढताना तुटली: औषध कमी पडलं, किंवा रस भट्टीत फार वेळ राहून ते उडून गेलं.
- चंद्रकोरीसारखी झाली, साचा भरला नाही: औषध जास्त झालं.
- तडकली: साचा थंड होता किंवा थंड करण्याची घाई झाली. दोन्ही नसेल तर टेट्राबोरेट कमी असलेलं मिश्रण घेऊन पाहा.
- दुधट ढग: स्फटिक धरले. मेटाबोरेट कमी करा, थंड करण्याचा वेग किंचित वाढवा.
- काळे किंवा पांढरे कण: दळण जाडं, किंवा वेळ कमी. चकती पुन्हा वितळवून मोजण्यापेक्षा नवीन करा.

डोळ्यांना चांगली दिसली म्हणून चकती पास होत नाही. प्रत्येक दहा नमुन्यांमागे एकाची दुसरी चकती अगदी पहिल्या वजनापासून पुन्हा करा. बेसाल्टमध्ये दोन चकत्यांच्या सिलिकात ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर मी पूर्ण गट परत पाठवतो. सोबत एक कोरी, फक्त फ्लक्सची चकती, आणि एक प्रमाणित दगड. आपल्या दख्खनी बेसाल्टला हवाईचा बीएचव्हीओ-२ जवळचा पडतो: सिलिका ४९.९, टायटॅनियम ऑक्साइड २.७३, एकूण लोह फेरिक ऑक्साइड धरून १२.३ टक्के. एलओआयसह बेरीज ९९ ते १०१ मध्ये बसली पाहिजे. बेरीज जुळली नाही तर आकडे १०० ला ताणून बसवू नका. वहीत मागे जा: एलओआयचं गणित, मग फ्लक्सची ओल, मग वजन, याच क्रमाने.

गंधक, क्लोरीन, फ्लोरीन आणि आर्सेनिक या पद्धतीने मोजू नका. भट्टीत ते किती उडतात याचा भरवसा नसतो.

## टप्पा ९: मूस धुणं आणि ठेवणं

मूस आणि साचा १० ते २० टक्के सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात अर्धा तास ठेवा. उरलेली काच विरघळते. न निघाली तर मुशीत थोडा कोरा फ्लक्स वितळवा, कडांवरून फिरवा, ओतून टाका, मग पुन्हा आम्ल. तारेची घासणी, पटाशी, वाळू यांपैकी काहीही लावू नका.

इशारा: नायट्रिक आम्ल एकटं चालतं, हायड्रोक्लोरिक एकटं चालतं. दोन्ही एकाच भांड्यात आले की त्याचं अम्लराज होतं आणि त्यात प्लॅटिनम विरघळतं. धुण्याच्या टेबलावर यांपैकी एकच बाटली ठेवा, दुसरी खोलीबाहेर.

धुतलेली मूस भिंगाखाली पाहा. तळाशी करडा, दाणेदार डाग दिसला तर धातू शिरायला सुरुवात झाली आहे. ती मूस त्याच दिवशी बाजूला काढा. साच्याचा तळ धूसर झाला असेल तर अतिबारीक ॲल्युमिनाने घोटून घ्या, कारण चकतीची मोजायची बाजू त्याच तळाची प्रत असते. मूस सुकवून तिचं वजन घ्या आणि प्रत्येक फ्यूजनच्या ओळीपुढे लिहा: कोणता नमुना, आधीचं वजन, नंतरचं वजन.